एका सकाळीत पाहा आपल्या नदीचे माहेर

पेठ वडगावच्या आसपास कुणाचा ऊस वारणेवर उभा आहे, तर कुणाचा पंचगंगेवर. मोटारीचे बटण दाबले की पाटात पाणी येते. पण ते पाणी मुळात येते कुठून, हे आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे? देवदर्शनाला आपण पंढरपूरला जातो, तिरुपतीला जातो. सिनेमात आल्प्सचे बर्फाचे डोंगर आणि खालची निळी सरोवरे दिसली की पोरे टक लावून बघतात. तसाच डोंगर आणि तसेच सरोवर, बर्फ तेवढे सोडून, आपल्याच जिल्ह्यात आहे. राधानगरी आणि दाजीपूर. यंदा तोडीची टोळी फडात यायच्या आधी एक दिवस काढा आणि घरच्या बायकामुलांना घेऊन जाऊन या. जाण्यायेण्यात वेळ जाईल, पण प्रत्यक्ष पाहायला अर्धा दिवस पुरतो.

पहाटे निघावे. कोल्हापूर सोडले की हळदी, परिते या बाजूला उसाचेच शिवार लागते. पुढे हळूहळू डोंगर जवळ येतात, भाताची खाचरे दिसू लागतात, हवा गार होते. राधानगरी हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी वसवले आणि त्याला आपल्या मुलीचे, राधाबाईंचे, नाव दिले. धरणाच्या जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे.

धरणाजवळ जरा निवांत थांबा. भोगावती नदी अडवण्याचे हे काम महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. पैसा अपुरा पडला आणि काम अर्ध्यावर राहिले. १९२२ साली महाराज गेले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते पुन्हा सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. ज्याने पाया घातला, त्याला भरलेले धरण पाहायला मिळाले नाही. आज त्यात ८.३६ टीएमसी पाणी साठते. पाणी उतरल्यावर जलाशयाच्या मध्यावर महाराजांच्या बेनझीर व्हिला या वाड्याचे अवशेष दिसतात.

खरे पाहण्यासारखे आहेत ते सात स्वयंचलित दरवाजे. त्यांना वीज लागत नाही, माणसाचा हात लागत नाही. धरण ठराविक पातळीपर्यंत भरले की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो, आणि पातळी उतरली की आपोआप मिटतो. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात रेडिओवर ‘राधानगरीचे अमुक दरवाजे उघडले’ असे ऐकून नदीकाठचे आपण जनावरे हलवायला लागतो, ते याच पाण्यामुळे. पण सगळा दोष या दरवाजांवर टाकू नका. कुंभी, कासारी आणि तुळशी यांचे पाणीही प्रयाग चिखलीपर्यंत येऊन मिळते, आणि खाली कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला वाट उरत नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. उन्हाळ्यात मात्र याच धरणातून सोडलेले पाणी कोल्हापुरी बंधाऱ्यांत अडते आणि आपला ऊस जगतो. उपसाबंदीच्या दिवसांत याची आठवण होते, एरवी होत नाही.

धरण पाहून फोंडा घाटाच्या रस्त्याने दाजीपूर गाठावे. १९५८ साली गव्यांसाठी इथे अभयारण्य झाले, राज्यातले ते पहिलेच. पुढे त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश केला. पावसाळ्यात जंगल बंद असते. इतर वेळी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय आत जाऊ नये. हे वाटाडे त्याच भागातले. लहानपणापासून जंगलात वावरल्यामुळे आपल्याला जिथे नुसते गवत दिसते, तिथे त्यांना गव्याची वाट दिसते. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, अंजनी ही झाडे त्यांच्याकडून ओळखून घ्या. शेंड्यावर घरटे करणारा शेकरू दिसला तर पोरे खूश होतील. गाडीचा हॉर्न, मोठ्याने बोलणे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या नाक्याबाहेरच ठेवा.

गवा दिसेलच असे नाही. दिसला तर वडगावच्या बाजारातला देखणा खोंडही त्याच्यापुढे वासरू वाटेल. काळेभोर अंग, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्याच्याकडे चालत जाण्याचा किंवा फोटोसाठी त्याला हाकारण्याचा आचरटपणा कुणी करू नये.

जंगलालगतच्या गावकऱ्यांना तो कौतुकाचा नाही, हेही त्यांच्याशी बोलताना ऐकायला मिळेल. रात्रीत भात, नाचणी आणि ऊस तुडवून जातो. अलीकडे गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येऊ लागले आहेत. आपल्या रानात नुकसान झालेच, तर पीक मोडून टाकण्याआधी तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार नोंदवावी आणि पंचनामा करून घ्यावा. उशीर झाला की भरपाई मिळणे अवघड होते.

वाटाड्याने सड्यावर नेले की जरा बसा. पायाखाली जांभा दगड, वर पातळशी माती. खाली जंगलात मात्र पालापाचोळ्याचा थर हातभर जाड. हाताने उकरून पाहा, मार्गशीर्षातही आत ओल लागते. धो धो पडणारा पाऊस हा पाला धरून ठेवतो आणि महिनोन् महिने झऱ्यांतून सोडतो. माती धरणात वाहून येत नाही ती याच झाडांमुळे. आपल्या फडात पाचट न जाळता सरीत ठेवा, असे आम्ही शेतीखात्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत आलो. त्यामागचे कारण तिथे हाताला लागते.

सोबत भाकरी, झुणका आणि पाण्याचा कळशीभर साठा न्यावा. आत दुकाने नाहीत. म्हाताऱ्या माणसांना सड्यावरची चाल झेपत नसेल तर त्यांना धरणाकाठीच बसवावे. परतीला निघताना सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी गाडी रस्त्याला लागलेली असावी. घाटाच्या त्या बाजूला संध्याकाळी रस्त्यावर जनावर आडवे येते.