खडी आणि काँक्रीटची परीक्षा

कर्जत-खालापूरचे डोंगर काळ्या बसाल्टचे. दगड कणखर असला तरी त्याच्या खडीची तपासणी चुकत नाही. आघात चाचणीत सुमारे १४ किलोचा हातोडा ३८ सेंटिमीटरवरून १५ वेळा खडीवर पडतो. मग २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून गळलेला चुरा तोलतात. रस्त्याच्या काँक्रीटसाठी तो ३० टक्क्यांच्या आत हवा.

पावसाळ्यात वाळू-खडी ओली असते. तेवढे पाणी मिश्रणातून कमी करावे लागते. काँक्रीट पातळ झाले का, ते साइटवरच स्लंप कोन या शंकूच्या आकाराच्या साच्याने कळते. काँक्रीट भरलेला साचा उचलायचा आणि ढीग किती खचला ते पट्टीने मोजायचे.

शेवटी काँक्रीटचा १५ सेंटिमीटरचा क्यूब. २८ दिवस पाण्यात ठेवून तो यंत्रात फुटेपर्यंत दाबतात. एम-२० प्रतीच्या क्यूबने सुमारे ४६ टन भार पेलायला हवा. घर बांधताना ठेकेदाराकडे या चाचणीचा अहवाल जरूर मागावा.