संदर्भ हवा

आमचे राजोडी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राला टेकलेले गाव. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरातल्या मावशींनी ऐंशी ओलांडली आहे. मी मराठीत कविता लिहितो, त्यामुळे गावातले अर्ज, पत्रिका, श्रद्धांजलीचे मजकूर फिरून माझ्याकडेच येतात. तसाच एके दिवशी मावशींचा नातू आला. म्हणाला, ‘‘काका, आजीचे भाऊ फादर होते. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ श्रीलंकेतून पुण्याला आले, तेव्हा पहिल्या तुकडीबरोबर तेही आले होते, असे आजी सांगते. हे विकिपीडियावर लिहाल का?’’

विकिपीडिया म्हणजे संगणकावर आणि मोबाइलवर फुकट वाचता येणारा ज्ञानकोश. तो २००१ साली सुरू झाला आणि २००३ साली, नेमक्या महाराष्ट्रदिनी, मराठीत आला. केतकरांचा ज्ञानकोश किंवा वाईचा विश्वकोश विद्वानांनी लिहिला. या कोशात मात्र कुणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्तही करू शकतो. मी बी. ए. झालेला माणूस, चार ओळी लिहायला किती वेळ लागणार? संध्याकाळी बसलो आणि चार वाक्ये लिहून टाकली. ती चारही वाक्ये कशी चुकली, तेच आज सांगायचे आहे.

पहिले वाक्य होते : ‘या विद्यापीठाची स्थापना १९५५ साली पुण्यात झाली.’ शोधायला लागल्यावर कळले की १९५५ हे स्थलांतराचे वर्ष आहे. मूळ सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, पोप तेरावे लिओ यांच्या पुढाकाराने १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडी येथे सुरू झाली. येशूसंघीय धर्मगुरूंनी ती चालवली. पुढे १९२६ साली रोमने तिला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान या विषयांत पदव्या देण्याचा अधिकार दिला. त्यानंतर १९५५ मध्ये तिचा मुक्काम पुण्याला, नगर रस्त्यावर हलला. शिवाय तेथे ‘पेपल सेमिनरी’ आणि ‘ज्ञानदीप’ ही दोन वेगळी नावे आहेत. मूळ एकच, पण आज पहिली संस्था धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांचे निवासी घडणकेंद्र आहे आणि दुसरी शिकवणारी व पदवी देणारी संस्था. बाहेरच्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. मलाही वाटल्या.

दुसरे वाक्य : ‘ही देशातील अत्यंत नामवंत व आदर्श संस्था आहे.’ येथे कवी घसरला. ज्ञानकोशात विशेषणाला भाडे द्यावे लागते आणि ते भाडे म्हणजे पुरावा. नामवंत कोण म्हणते? संस्था स्वतः म्हणत असेल, तर ती तिची जाहिरात झाली. नियम साधा आहे. संस्थेच्या स्वतःच्या कागदांवरून तिचे साल, पत्ता, अभ्यासक्रम घ्यावेत. थोरवी सांगायची असेल, तर संस्थेशी लागेबांधे नसलेल्या कुणीतरी ती छापलेली असावी. टीकेलाही हाच नियम. धार्मिक संस्थेच्या बाबतीत तर तो डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो, कारण तेथे लिहायला बहुधा दोघेच पुढे येतात : भक्त तरी, नाही तर विरोधक.

तिसरे वाक्य मी ‘विद्यापीठ’ या शब्दावर लिहिले होते आणि ते सर्वांत अवघड निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्याचे २३वे कलम सांगते की केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द लावता येत नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. मग नातवाने विचारलेच, ‘‘काका, म्हणजे हे खरे विद्यापीठ नाही?’’

प्रश्न खरे-खोट्याचा नाही, अधिकार कोणाचा याचा आहे. ज्ञानदीपच्या ईशज्ञानाच्या पदव्या कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत, रोमच्या अधिकाराने मिळतात. त्या चर्चच्या कामासाठी आहेत. मुंबई विद्यापीठाची पदवी राज्याच्या कायद्यातून येते. दोन्हींचा उगम वेगळा, उपयोगही वेगळा. आपल्या भाषेत ‘विद्यापीठ’ हा शब्द या कायद्याहून जुना आहे. १९२०च्या सुमारास गुजरात विद्यापीठ, काशी विद्यापीठ, पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले, ते सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून. आमच्याकडेही तेच. देवबंदचे दारुल उलूम १८६६चे. नावाचा अर्थ विद्यांचे घर. कैरोची अल-अझहर मशीद दहाव्या शतकातली, पण तेथील शिक्षणाला आधुनिक विद्यापीठाचे रूप देणारा कायदा झाला १९६१ साली. म्हणून ज्ञानकोशात नुसते ‘विद्यापीठ’ लिहून पुढे जाता येत नाही. कोणाच्या मान्यतेने, कोणत्या विषयांची पदवी, हे त्याच वाक्यात सांगावे लागते. तेवढे सांगितले की संस्थेचा अपमान होत नाही आणि वाचणाऱ्या विद्यार्थ्याची फसगतही होत नाही.

चौथे वाक्य मावशींच्या भावाचे. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्याच्यापुढे चौकोनी कंसात दोन शब्द : ‘संदर्भ हवा’. कुणा अनोळखी संपादकाने लावलेले. आधी राग आला. ऐंशी वर्षांची बाई खोटे बोलेल का? मग माझे मलाच हसू आले. मी ज्या परंपरेत वाढलो, तिथे पैगंबरांचे वचन सांगताना ते कुणी कुणाकडून ऐकले, ही साखळी आधी सांगतात. तिला ‘सनद’ म्हणतात. वकिलाची सनद, इनामाची सनद असे आपण मराठीत म्हणतो, तोच हा शब्द. साखळीतला प्रत्येक माणूस विश्वासाचा होता का, त्याची आणि पुढच्याची भेट झाली होती का, हे तपासण्यात जुन्या विद्वानांची आयुष्ये गेली. ‘संदर्भ हवा’ म्हणणारा तो अनोळखी माणूस माझ्याकडे सनदच मागत होता. माझा धर्म कोणता, मी चर्चबद्दल का लिहितो, हे त्याने विचारले नाही.

मी छापील पुरावा शोधू लागलो. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबद्दल लिहायचे असते, तर अडचण नव्हती. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. पण आयुष्यभर खेड्यापाड्यांत काम करून गेलेल्या साध्या फादरची बातमी कोण छापणार? शेवटी एका जुन्या स्मरणिकेत त्यांच्यावर चार ओळी सापडल्या. त्यात लिहिले होते : पुण्याला प्रवेश, १९५७.

म्हणजे ते कँडीला कधी गेलेच नव्हते.

स्मरणिका हातात घेऊन मी बराच वेळ ओट्यावर बसलो. न सांगता वाक्य काढून टाकता आले असते. पण मावशींकडे गेलो आणि सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘भाई, तो ‘आम्ही कँडीहून आलो’ असेच म्हणायचा. त्याचे मास्तर तिथून आलेले ना.’’

तेव्हा उलगडा झाला. त्या ‘आम्ही’त ते स्वतः नव्हते, त्यांची संस्था होती. गावकरी ‘आम्ही पोर्तुगीजांच्या काळात’ म्हणतो, तसे. मावशींनी ऐकले ते खरे होते, फादर बोलले तेही खरे होते, आणि तरी मी लिहिलेले वाक्य चूक होते. घरातली आठवण ‘आम्ही’ म्हणते. ज्ञानकोशाला कोण, कुठून, कधी हे लागते. दोन्हींची जागा वेगळी आहे. आठवणीची जागा स्मरणिकेत, पत्रात, कवितेत. ती आपणच लिहून, साल घालून छापून ठेवली नाही, तर उद्या कुणी संदर्भ मागितल्यावर आपल्या हाती काही नसते. आपल्या लहान गावांचे, लहान समाजांचे बरेचसे असेच गेले आहे.

ते वाक्य मी काढले. उरलेली तीन दुरुस्त केली आणि प्रत्येकापुढे संदर्भ दिला. मावशींना वाचून दाखवले.

‘‘त्याचे नाव नाही?’’ त्यांनी विचारले.

‘‘नाही, मावशी.’’

‘‘पण कँडीहून पुण्याला आल्याचे साल बरोबर घातलेस ना?’’

‘‘घातले. १९५५.’’

‘‘मग ठेव तसेच,’’ त्या म्हणाल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)