धंदा काढायचाय म्हणणारे बरेच, काढणारे थोडे; असं का?

'भांडवल नाही म्हणून धंदा नाही' असं आपण सहज बोलून जातो. पण गाठीला चार पैसे असूनही पाऊल न टाकणारे प्रत्येक गल्लीत सापडतात. यामागे दोन गोष्टी असतात : उद्याच्या रुपयाला आपण आज किती किंमत देतो आणि निर्णय घेताना विचार कुठून सुरू करतो.

आज 1000 रुपये घेणार की महिन्यानं 1100? बरेच जण आजचे घेतात. आता विचारा, 12 महिन्यांनी 1000 की 13 महिन्यांनी 1100? त्यातलेच अनेक म्हणतात, थांबू की! थांबायचं दोन्हीकडं एक महिनाच; पण 'आज' समोर आला की मन फिरतं. म्हणूनच 'पुढच्या वर्षी दुकान घालायचं' हे सोपं वाटतं आणि ते वर्ष पुढंच सरकत राहतं. अर्थात, घरात औषधपाणी आणि पोरांची फी थकली असेल तर आजचा रुपया जड वाटणारच. तो आळस नव्हे.

दुसरी गोष्ट विचाराच्या पद्धतीची. काही जण आधी मोठं ध्येय ठरवतात, मग पैसा जमायची वाट बघतात. काही जण हाताशी काय आहे, ओळखीचं कोण आहे, किती बुडालं तर सोसेल, एवढं बघून सुरुवात करतात. अनुभवी उद्योजक बहुतेक दुसऱ्या पद्धतीनं चालतात, असं संशोधक सारस सरस्वती यांनी 2001 मध्ये मांडलं.

आपल्या बेळगावचंच बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये इथं सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. शेतकरी आधी तो नांगर घ्यायला तयार नव्हते. तिथं धीर लागला. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती 1910 मध्ये.

'आज'चा मोह आवरायला आपल्या बाजारात जुना उपाय आहे : पिग्मी. उडुपीत 1928 मध्ये ती सुरू झाली. एजंट रोज दारात येतो, त्यामुळं गल्ल्यातला पैसा खर्च व्हायच्या आत बाजूला पडतो.

तेव्हा धंद्याचा विचार असेल तर तीन आकडे कागदावर लिहा : सहा महिन्यांचा घरखर्च, बुडाली तरी चालेल अशी रक्कम आणि पहिला माल विकायची तारीख. तारीख याच महिन्यातली असू दे. माल थोडका असला तरी चालेल.