'बॅक टू ब्लॅक'च्या आधीची एमी

एमी वाइनहाउस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? डोक्यावर बांधलेला केसांचा मनोरा, आयलायनरची जाड रेघ आणि मग २७व्या वर्षी झालेला तो शेवट. बरोबर ना? आता थोडा वेळ हे सगळं बाजूला ठेवा. २००३च्या ऑक्टोबरमध्ये 'फ्रँक' हा तिचा पहिला अल्बम आला, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कव्हरवर केस मोकळे सोडून कुत्रं फिरवायला निघालेली एक हसरी मुलगी आहे. नुकतीच विशी गाठलेली.

उत्तर लंडनमधलं ज्यू कुटुंब, वडील टॅक्सी चालवायचे, आई फार्मासिस्ट. ती नऊ वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. आजी एकेकाळची गायिका, आईकडचे काही मामेलोक जॅझ वाजवणारे. त्यामुळे घरात सारा व्हॉन, डायना वॉशिंग्टन, फ्रँक सिनात्रा सतत कानावर. तिच्या वयाच्या बाकीच्या मुली स्पाइस गर्ल्सवर नाचत असताना ही पोरगी पन्नास वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डी घोटत होती. अल्बमचं नावही सिनात्रावरून. शिवाय इंग्रजीत 'फ्रँक' म्हणजे स्पष्टवक्ता, तो अर्थ तर पानोपानी आहेच.

किती स्पष्ट? पहिलंच सिंगल 'स्ट्राँगर दॅन मी' ऐका. आपल्यापेक्षा वयानं मोठा बॉयफ्रेंड सारखा तिच्याच खांद्यावर रडतो, म्हणून ती त्याची सालटी काढते. (त्यातले काही शेरे आज ऐकताना खटकतात, हे सांगायलाच हवं.) 'टुक द बॉक्स'मध्ये ब्रेकअपनंतर एकमेकांच्या वस्तू भरलेला खोका आहे. ज्यांनी असा खोका कधी भरलाय, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. 'व्हॉट इज इट अबाउट मेन'मध्ये वडिलांच्या वागण्याची सावली आहे आणि तीच सावली आपल्यावरही पडतेय ही भीतीसुद्धा. आणि 'ऑक्टोबर साँग' चक्क तिच्या मेलेल्या कॅनरी पक्ष्यावर! पक्ष्याचं नाव अ‍ॅव्हा. इतक्या किरकोळ दुःखावर गाणं करायचं धाडस बहुतेक विसाव्या वर्षीच होतं.

पण नुसते शब्द वाचून एमी कळत नाही. तिची खरी करामत लयीत आहे. आपल्याकडे ठुमरी गाणारी कसलेली गायिका बघा, शब्द जरा मागे रेंगाळत ठेवते, आता सम चुकली असं वाटतं, आणि तेवढ्यात अलगद येऊन बसते. एमी अगदी हेच करते, फक्त तिच्या पाठीमागे हिप-हॉपचे ड्रम्स आहेत. निर्माता सलाम रेमी हा रॅपर नासबरोबर काम करणारा माणूस. 'इन माय बेड'चा बीट तर नासच्या 'मेड यू लुक'चाच! म्हणजे खाली न्यूयॉर्कचा रस्ता आणि वर १९५०च्या जॅझ क्लबमधला आवाज. दुसरा निर्माता गॉर्डन विल्यम्स, ज्यानं लॉरिन हिलच्या गाजलेल्या अल्बमवर काम केलं होतं.

आता एक अवघड प्रश्न. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, चर्चमधल्या गॉस्पेलमधून आणि ब्लूजमधून आलेलं. लंडनच्या गोऱ्या मुलीनं त्या आवाजात गावं का? हा वाद तिच्याही वाट्याला आला, आणि तो फुकाचा नाही. या आवाजातून पैसा कोणाला मिळाला हा हिशोब संगीताच्या इतिहासात चुकलेलाच आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की एमीनं ढब उचलली, पण आयुष्य उसनं घेतलं नाही. गाण्यांतले बॉयफ्रेंड, भांडणं, गल्ल्या सगळं तिच्या लंडनचं.

गंमत म्हणजे सगळे कौतुक करत असताना स्वतः एमी मात्र या अल्बमवर खूश नव्हती. २००४मध्ये तो मर्क्युरी प्राइझच्या यादीत आला, 'स्ट्राँगर दॅन मी'ला गीतलेखनाचा प्रतिष्ठेचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. आणि बाई मुलाखतींत उघड सांगत होत्या, की यातलं सगळं काही माझ्या मनासारखं नाही, काही मिक्सेस कंपनीनं आपल्या मर्जीनं घेतलेत! पहिलाच अल्बम, करार मोठ्या कंपनीशी, आणि हे असं जाहीर बोलणं. आपल्यातले किती जण पहिल्या नोकरीत बॉसबद्दल असं बोलतील? खरं सांगायचं तर तिची तक्रार रास्त आहे. मधली दोनतीन गाणी लांबलीत, काही ठिकाणी वाद्यांचा मेकअप जास्त झालाय. 'बॅक टू ब्लॅक' इतका आटोपशीर का झाला, याचं एक कारण या नाराजीत असावं.

भारतीय वंशाचा ब्रिटिश दिग्दर्शक आसिफ कपाडियाची 'एमी' ही ऑस्करविजेती डॉक्युमेंटरी बघायची असेल तर जरूर बघा, पण आधी 'फ्रँक' ऐका. डॉक्युमेंटरी आधी बघितलीत तर प्रत्येक ओळीत पुढची शोकांतिका शोधत बसाल.

सुरुवात 'टुक द बॉक्स'पासून करा. मग 'यू सेंट मी फ्लाइंग', हेडफोन लावून, दिवे घालवून. आवडलं तर पहिल्यापासून सलग ऐका आणि शेवटच्या 'एमी एमी एमी'पर्यंत थांबा. तिथे ती स्वतःलाच नावानं हाका मारून दटावते, अगदी आपण परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइल हातात घेतल्यावर स्वतःला दटावतो तशी. आणि तितकंच ऐकते.