‘रक्त कमी’ आहे, पण कशामुळे?



विहाराच्या ओट्यावर हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर लावलं की रांगेतल्या बऱ्याच जणी बोटाला सुई टोचायच्या आधीच सांगून टाकतात, "ताई, माझं रक्त कमीच असतं." जसं कुणी म्हणावं, माझी उंची कमी आहे. मी विचारते, "कशामुळे कमी आहे?" त्या माझ्याकडेच बघत राहतात. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेलाच नसतो.

भगिनींनो, ‘रक्त कमी’ हे आजाराचं नाव नाही, लक्षण आहे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचाही असतो. औषध मात्र वेगळं. रक्तक्षयाचंही तसंच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, 2015-16 च्या सर्वेक्षणात हे आकडे 48 आणि 53.8 टक्के होते. म्हणजे गोळ्या वाटूनही आपण मागेच गेलो.

माझी चूक

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात लागले, तेव्हाची गोष्ट. पंधरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर यायची. हिमोग्लोबिन नऊ. आम्ही लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा नऊ. पुन्हा गोळ्या. असं दोन वर्षं चाललं. एकदा मी त्या माउलीला सगळ्यांसमोर बोलले, "पोरगी गोळ्या फेकून देत असणार." ती म्हणाली, "नाय ओ सिस्टर, माझ्यासमोर गिळते." मी विश्वास ठेवला नाही.

ती खरं बोलत होती. पुढे मुलीचं लग्न मामाच्या मुलाशी झालं. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं आणि पांढरंफटक पडू लागलं, पोट फुगलं. मुंबईत तपासणी झाली तेव्हा कळलं, बाळाला थॅलेसेमिया मेजर. आई आणि बाप दोघंही थॅलेसेमिया मायनर. मग दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला बाळाला घेऊन एस.टी.चा प्रवास सुरू झाला.

उत्तर दोन वर्षं आमच्या टेबलावर पडून होतं. मुलीच्या सी.बी.सी.च्या कागदावर तांबड्या पेशी आकाराने लहान होत्या, पण संख्येने भरपूर. आम्ही फक्त हिमोग्लोबिनचा आकडा वाचला आणि गोळ्यांची पाकिटं दिली. दोष व्यवस्थेचा होता, तसा माझाही होता. म्हणून आज मी जिथे जाते तिथे ‘कशामुळे?’ एवढंच विचारत फिरते.

तांबड्या पेशी म्हणजे होड्या

आपण समुद्राकाठची माणसं, म्हणून होडीचंच उदाहरण घेऊ. तांबड्या पेशी या फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवणाऱ्या होड्या. त्या हाडांच्या मगजात बांधल्या जातात आणि साधारण 120 दिवस चालतात. प्राणवायू धरून ठेवतं ते हिमोग्लोबिन, आणि ते बनवायला लोह लागतं. होड्या कमी पडल्या की दम लागतो, छाती धडधडते, चक्कर येते, पाय ओढत नाहीत. त्या कमी का पडतात, याची मुख्य कारणं अशी:

लोह कमी पडलं. आपल्या वस्त्यांत सर्वांत जास्त दिसतं ते हेच. पेशी लहान आणि फिकट होतात. पाळीत जास्त रक्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, मूळव्याध, आणि सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खाणं, ही त्याची मुळं. आणखी एक मूळ म्हणजे अंकुशकृमी. भातखाचरात, ओल्या मातीत अनवाणी चालताना हे जंत पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. जंत पोटात ठेवून नुसत्या गोळ्या घेणं म्हणजे भोक पडलेल्या होडीत बसणं.

बी-12 किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडलं. इथे पेशी मोठ्या होतात, पण थोड्याच तयार होतात. हातापायाला मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, विसरभोळेपणा ही बी-12 कमी असल्याची लक्षणं. मासे, मटण, अंडी, दूध बंद केलेल्या माणसांत आणि म्हाताऱ्यांत हे दिसतं. दारू पिणाऱ्यांत फॉलिक अ‍ॅसिड घटतं. या रुग्णाने लोह कितीही घेतलं तरी मुंग्या जात नाहीत.

दुसऱ्या आजाराने रक्त आटलं. क्षयरोग, मूत्रपिंडाचा विकार, वारंवार होणारा मलेरिया यांतही रक्त कमी होतं. तिथे मूळ आजारावर उपचार झाला तरच रक्त वाढतं. क्वचित हाडांचा मगजच पेशी बनवायचं थांबवतो. तो गंभीर आजार आहे, मोठ्या रुग्णालयात जावं लागतं.

होडीच जन्मापासून वेगळी. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आई-बापांकडून येणारे विकार. थॅलेसेमियात हिमोग्लोबिन नीट बनतच नाही. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते आणि 10 ते 20 दिवसांतच फुटते. मग हाडं फुटल्यासारखी दुखतात, डोळे पिवळे होतात, तान्ह्या बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात.

हा जातीचा दोष नाही

सिकलसेलचं नाव आलं की आपल्या समाजात दोन गोष्टी घडतात. कुणी म्हणतं, "हा आदिवासींचा रोग." कुणी म्हणतं, "गप्प बस, पोरीचं लग्न जुळायचं नाही." दोन्ही सोडून देऊ आणि खरं काय ते पाहू.

हा आजार वैद्यकीय जगाला कळला 1910 साली, अमेरिकेत शिकागोमध्ये. भारतात तो 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. 1956 साली बाबासाहेबांनी ज्या नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच नागपुरातून 1958 मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापला. पूर्व विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही हा विकार मोठ्या प्रमाणात आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांसाठी आयुष्यभर काम केलं. 2018 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मग तो काही समाजांतच जास्त का? उत्तर मलेरियात आहे. ज्याच्यात सिकलसेलचा एकच अंश आहे, म्हणजे जो फक्त वाहक आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे असे वाहक जगले आणि वाढले. आफ्रिकेतही हेच झालं. यात कुणाचं पाप नाही, पूर्वजन्म नाही आणि जातही नाही.

कोकणातल्या आपल्या माणसांना वाटतं, हे विदर्भाचं दुखणं. पण कारखाने, बंदर आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली कुटुंबं आपल्या जिल्ह्यात राहायला आली आहेत. सोयरिकी होतात आणि व्हायलाच हव्यात. थॅलेसेमिया तर कुठल्याही जातीधर्मात सापडतो. म्हणून बघायचं ते कागदाकडे, आडनावाकडे नाही.

पत्रिका सोडली, आता रक्ताचा कागद बघा

वाहक माणूस आजारी नसतो. तो नोकरी करतो, खेळतो, म्हातारा होतो. त्याला औषध लागत नाही. प्रश्न येतो दोन्ही जोडीदार वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, तरीही धोका तोच. आत्या-मामाच्या मुलांत लग्न झालं तर एकाच आजी-आजोबांचा अंश दोघांत असण्याची शक्यता वाढते.

धम्मदीक्षेनंतर आपण पत्रिका, मंगळ, मुहूर्त सोडले. फार मोठी गोष्ट केली. आता वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर एक रकाना वाढवू या: ‘हिमोग्लोबिनची एच.पी.एल.सी. तपासणी झाली का?’ ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. शिबिरात होणाऱ्या सिकलसेलच्या काही झटपट चाचण्या फक्त ‘अंश आहे’ एवढंच सांगतात. वाहक की रुग्ण हे एच.पी.एल.सी. किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने पक्कं कळतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

वाहक निघाला म्हणून लग्न मोडू नका. एक वाहक आणि एक निरोगी, अशा जोडप्याच्या बाळाला तो गंभीर आजार होत नाही. दोघं वाहक असून लग्न झालेलं असेल, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होऊ शकते. आणि दोष कधीही एकट्या सुनेच्या माथी मारू नका. आजार झालेल्या बाळाला एक अंश आईकडून आलेला असतो, एक बापाकडून.

ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी लक्षात ठेवा: सिकलसेलवर हायड्रॉक्सीयुरिया हे चांगलं औषध आहे; भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि ताप आला की लगेच दवाखाना. शासकीय रक्तपेढीत या रुग्णांना रक्त मोफत मिळतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. ही मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

गोळी बंद करू नका

माझी गोष्ट वाचून कुणी लोहाच्या गोळ्या फेकू नका! बहुतेक जणींना लोहाचीच गरज असते. गरोदरपणी रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. मुलींची निळी गोळी आठवड्यातून एकदा. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. शौच काळं होतं, घाबरू नका. मुलांना शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. मोठ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. शेतात आणि शौचाला जाताना पायात चप्पल हवीच.

ताटाचं म्हणाल तर महागड्या टॉनिकची गरज नाही. तिसऱ्या, कालवं, सुकट, जवळा, कलेजी, अंडी. पावसाळ्यात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला, चवळी, कुळीथ, नाचणी. वर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू खा, म्हणजे पालेभाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. आणि बाईने घरच्यांबरोबर, त्यांच्याइतकंच वाढून घ्यावं.

दवाखान्यात हे विचारा

1. माझं रक्त कशामुळे कमी आहे?
2. सी.बी.सी.मध्ये पेशी लहान आहेत की मोठ्या? एम.सी.व्ही. साधारण 80 ते 100 हवा.
3. गोळ्या सुरू करून महिना झाला, हिमोग्लोबिन वाढलं का? नीट घेऊनही वाढलं नसेल, तर थॅलेसेमिया-सिकलसेलची तपासणी करायची का?

हिमोग्लोबिन बाईचं 12, गरोदर बाईचं 11, पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की रक्तक्षय. सातच्या खाली असेल, बसल्याजागी दम लागत असेल, पायावर सूज असेल तर गोळ्यांची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

तपासणीचा प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा. त्या मुलीच्या आईने सगळे कागद जपले होते. वाचायला आम्ही कमी पडलो. तुमचा कागद वाचून दाखवायला लावा. कुणी वैतागलं तरी लावा.

जयभीम.