पट्टीतला पीळ

आमच्या सासूबाईंचे सगळे पावसाळे कर्जतजवळच्या शेतात, भातलावणीच्या चिखलात गेले. वयानुसार पायाच्या शिरा फुगल्या आणि एके दिवशी घोट्यावर जखम झाली. ती काही केल्या भरेना. पायाला रक्तपुरवठा नीट होतोय ना, हे तपासून डॉक्टरांनी दाबाची लवचिक पट्टी दिली.

मी पडले स्वच्छतेची भोक्ती! पट्टी रोज उकळत्या पाण्यातून काढायची, चिमटे लावून कडक उन्हात टांगायची. महिन्याभरात पट्टी सैल, सूज पुन्हा हजर. डॉक्टरांनी ती ताणून पाहिली आणि म्हणाले, "हिच्यात जीवच उरला नाही हो!"

तेव्हा कुठे माझं लक्ष धाग्याकडे गेलं. साध्या सुती क्रेप पट्टीत रबर नसतंच. सुताला भरपूर पीळ दिलेला असतो, त्यामुळे ते आखडून राहतं. वापरून चुण्या सपाट झाल्या, तरी कोमट पाण्यात सूत फुगतं आणि पुन्हा आखडतं. पण दरवेळी थोडं कमीच. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण इथे अर्धीच खरी!

आमची पट्टी मात्र इलॅस्टेनची. हा कृत्रिम धागा १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शायव्हर्स यांनी तयार केला. मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत येतो. पण वारंवार उकळणं, ब्लीच, कडक ऊन त्याला सोसत नाही. एकदा मेला की मेला.

दाबातही फरक आहे बरं का! इलॅस्टेनची पट्टी झोपेतही आवळत राहते, म्हणून ती सहसा रात्री काढतात. कमी ताणणारी, घट्ट विणीची सुती पट्टी निजल्यावर सौम्य असते. चालताना पोटरी फुगून तिच्यावर दाबली जाते आणि शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. कोणती बांधायची, हे मात्र डॉक्टरच ठरवणार. मधुमेह असेल तर मनाने मुळीच बांधू नये.

आता आमच्याकडे तीन पट्ट्या आहेत. कोमट पाणी, सौम्य साबण, न पिळता टॉवेलात दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. कर्जतच्या पावसात एक वाळायला दोन दिवस लागतात!

जखम हळूहळू भरतेय. काल सासूबाई बांधापर्यंत चालत गेल्या. आल्यावर पाय पुढे करून म्हणाल्या, "बघ गं, पट्टी अजून जागची हलली नाही."