टाकाऊ वस्तूंची विजेरी

पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे गोठ्यापर्यंत जाण्यासही उजेड हवा. पायाखालीं सर्प असेल तर तो दिसला पाहिजे. घड्याळांतले सेल संपले म्हणून आपण फेकतों, पण त्यांत पुष्कळदा १.२ व्होल्टपर्यंत दाब शिल्लक असतो. मोडक्या खेळण्यांतील पांढऱ्या एलईडी दिव्यास सुमारें ३ व्होल्ट लागतात; म्हणून असे दोन सेल अपुरे पडतात, तीन पुरतात. एकाची टोपी दुसऱ्याच्या बुडास भिडवून ते पुठ्ठ्याच्या नळींत बसवावे. दिव्याची लांब तार टोपीकडे जोडावी, आंखूड तार बुडाकडे; उलट जोडल्यास दिवा लागत नाहीं. बटणाचें काम पत्र्याची पट्टी करते. तिन्ही सेल नवे असल्यास मात्र मध्यें १०० ओहमांचा रोधक घालावा, नाहींतर दिवा जळेल. फुगलेल्या मोबाईल बॅटरीस आम्ही कोणासही हात लावूं देत नाहीं. ती पेट घेते.